सुनेच्या स्तुतीचा जबाब

कुंभकोणम्,
९ जून २०२५

ती. सुंदरीअक्कास वरदराजाचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे साष्टांग मनातल्या मनात घातला आहे. पोचला असं मानून घे.)

अत्यंत खेदाने तक्रार नोंदवावी लागते की, दिनांक अठरा मे रोजी आपण या घरातून पुण्यास प्रस्थान ठेवलंत, त्याच दिवसापासून माझा पितळी दबरा बेपत्ता आहे. पेला आहे. पण ज्यात कॉफी ओतून, वर उचलून, फेस आणून गार करायची ते रुंद तोंडाचं भांडं नाही. तीन आठवडे मी कॉफी आमटीच्या वाटीत गार करतो आहे. कालिदासाच्या नायकालाही असा विरह सोसावा लागला नसेल. श्रीलक्ष्मी म्हणते, "अहो, तांब्यापितळेच्या गावात राहता, बाजारात शंभर मिळतील." बायकोला न्यायशास्त्रातला समवाय-संबंध, म्हणजे कधीही न सुटणारा संबंध, कसा समजावणार? पेला आणि दबरा हे दोन पदार्थ नव्हेत. सबब, दबरा परत मिळावा ही विनंती.

आता एक लहानशी गोष्ट. महालक्ष्मीचा दाखला नाकारला गेला.

वकिलाला पहिल्यापासून सांगावं असं तूच म्हणतेस, म्हणून तुला माहीत असलेलंही सांगतो. महालक्ष्मी आमची सून, कार्तिकची बायको. लग्नाला चार वर्षं झाली. मुलगी नरिकुरवर या भटक्या समाजातली. तिची आई अजूनही देवळाच्या दारात मण्यांच्या माळा विकते. अडीच वर्षांपूर्वी त्यांचा समाज अनुसूचित जमातींच्या यादीत आला. महालक्ष्मी गणितात एम.एस्सी. झाली आहे, त्यांच्या वस्तीतली पहिलीच. आता सरकारी शाळेत शिक्षिका म्हणून तिची निवड झाली आहे, राखीव जागेवर. एकतीस ऑगस्टच्या आत जमातीचा दाखला दाखवला तर जागा तिची, नाहीतर पुढच्या उमेदवाराची.

फेब्रुवारीत अर्ज केला. परवा उत्तर आलं, एक पान. त्यात म्हटलं आहे की अर्जदार लग्नानंतर पतीच्या कुटुंबात राहते, मूळ जमातीच्या चालीरीती तिच्यात उरलेल्या नाहीत, एका स्थानिक प्रतिष्ठित गृहस्थाचा तसा जबाब आहे, शिवाय जमातीत घराघरांत असतं ते देवाचं गाठोडं तिच्याजवळ नाही. सबब अर्ज नामंजूर. तिला एकदाही बोलावलं नाही. कागदाची नक्कल सोबत जोडली आहे.

महालक्ष्मी रोजच्यासारखी सकाळी खासगी शाळेत शिकवायला गेली. कार्तिक मात्र माझ्यावरच डाफरला, जणू मीच सरकार आहे. तुझं मत कळव. छापील पत्र पाठवू नकोस; भावाला यंत्राने लिहिलेलं पत्र म्हणजे बँकेची नोटीस वाटते.

तुझा,
वरदू

*

पुणे,
१७ जून २०२५

चि. वरदूस अनेक आशीर्वाद.

दबरा माझ्याजवळ आहे. चुकून आलेला नाही, मी उचलला. माझ्या आईचा, म्हणजे तुझ्या काकूचा होता. त्याच्या बुडाशी तिचं नाव कोरलेलं आहे, तमिळ अक्षरांत. तीस-पस्तीस वर्षं त्यात कॉफी ओतलीस, एकदा तरी उलटा करून पाहिलास? तक्रार फेटाळली. खर्च तक्रारदाराने सोसावा.

आता कामाचं. हा निर्णय टिकणारा नाही. जमात जन्माने येते. लग्न झालं, स्वयंपाकघर बदललं, आडनाव बदललं, म्हणून ती गळून पडत नाही. त्या यादीवर राष्ट्रपतींची सही असते, सासूची नव्हे. साडेतीनशे वर्षं आपण कावेरीचं पाणी पितो, पोंगलला दारात कोलम् काढतो, घराबाहेर तमिळ बोलतो, आपली मराठी ऐकून इथल्या भाजीवालीला हसू आवरत नाही. म्हणून तुम्ही मराठी उरला नाहीत, असं सांगायला तुझ्या दारात कचेरीतून कुणी आलं का? मग त्या पोरीला चार वर्षांत कसं काय धुऊन काढलं?

तिचा भाऊ आहे ना, कृष्णमूर्ति? त्याने दाखला काढला का? आणि त्याची बायको कोणत्या समाजातली? हे नीट विचारून लिही. सख्ख्या बहीणभावाला एकाच कचेरीने दोन न्याय लावले असतील, तर समानतेचा प्रश्न मला शोधत जावा लागणार नाही, त्या कागदावरच लिहिलेला सापडेल.

आणि तो जबाब! निर्णयात त्यातलं एक वाक्य उचललं आहे: "कावेरीत मिळालेल्या ओढ्याप्रमाणे ही स्त्री पतिकुलात पूर्णपणे एकरूप झाली असून तिचं पूर्वीचं नावनिशाणही उरलेलं नाही." कोण हा प्रतिष्ठित गृहस्थ? साहित्यिक दिसतो. ज्याच्या शब्दावर एखाद्याचं नुकसान करायचं, ते शब्द आधी त्या माणसाला दाखवावे लागतात आणि "तुला काय म्हणायचं आहे?" असं विचारावं लागतं. इथं ते झालेलं नाही. म्हणून अपिलात पहिली मागणी त्या जबाबाची नक्कल. मसुदा मी थेट महालक्ष्मीला पाठवते. सून तुझी असली तरी अशील माझी.

तुझी,
अक्का

*

कुंभकोणम्,
२६ जून २०२५

ती. अक्कास,

दबरा उलटा करून पाहिला नाही, हे कबूल. कॉफी सांडली असती.

कृष्णमूर्तिला दाखला मिळाला आहे, अर्ज केल्यापासून वीस दिवसांत. त्याची बायको साक्कोट्टैची, तिथल्या सायकल दुकानवाल्याची मुलगी, त्यांच्या समाजातली नव्हे. तोही सासऱ्याच्या घराशेजारीच राहतो. तू कितपत मिसळलास, असं त्याला कुणी विचारलं नाही. देवाचं गाठोडं त्याच्याकडे आहे. म्हणजे असणारच, बापाकडून ते मुलाकडे जातं, मुलीला कधीच मिळत नाही. रीतीने जे तिला द्यायचंच नाही, ते तिच्याजवळ नाही म्हणून ती त्या रीतीची नाही! पाठशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने मला असा हेतू दिला असता तर मी त्याला आठवडाभर सदोष हेतूंचे प्रकार, हेत्वाभास, घोकायला बसवलं असतं.

मला आश्चर्य वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आमच्या शास्त्रात पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धान्ताला तोंड उघडता येत नाही. प्रतिपक्षी समोर नसला, मेलेला असला, मुळात जन्मलाच नसला, तरी त्याच्या बाजूने आधी आपण बोलायचं. आणि त्याला बोलता आलं असतं त्यापेक्षा चांगलं बोलायचं. इथं तर जिवंत मुलगी पाच मैलांवर शाळेत वर्गमूळ शिकवत होती.

साक्कोट्टैचं नाव लिहिलं आणि हात थांबला. आठवतं का, बदरीनाथकाका आपल्याला तिथल्या देवळात घेऊन जायचे? आपण वैष्णव असून शंकराच्या देवळात कसे, असं मी विचारलं तर म्हणाले, "चालायला जातोय, नमस्कार करायला नव्हे." आणि मग माझ्याआधी त्यांनीच हात जोडले. तू पानात बांधलेला चिंचेचा भात घेऊन पुढे चालायचीस. येताना बस मिळायची नाही, मी रडायचो आणि तू मला रस्त्यावरची झाडं संस्कृतात मोजायला लावायचीस. एकोणतिशीला मी नेहमी अडायचो. त्या वाटेवर मणी विकणारी एक बाई बसायची. तिने एकदा तुझ्या मनगटावर निळ्या मण्यांचा सर बांधला आणि पैसे घेतले नाहीत. ती तिच्या नवऱ्याशी जे बोलत होती ते आपल्याला अर्धंमुर्धं कळलं. भिंतीपलीकडून आपलीच आत्या बोलत असावी तसं. तू म्हणालीस, "वरदू, हे लोकसुद्धा आपल्यासारखेच तिकडून, वर उत्तरेकडून आले असतील." काका म्हणाले, "बोटं धुवा आणि भात खा." ती महालक्ष्मीची आजी असेल का? चार वर्षं हे माझ्या मनात येतं आणि विचारायचं राहून जातं.

त्या गृहस्थाबद्दल म्हणशील तर, गावात प्रतिष्ठित पुष्कळ आहेत. देवळाच्या समितीवर नऊ, पाठशाळेच्या समितीवर अकरा, आणि काही दोन्हींवर. भाऊबहिणीचा मुद्दा इतका भक्कम असताना जबाबाची नक्कल मागायलाच हवी का? उगीच कुणा शेजाऱ्याशी कायमचं वाकडं व्हायचं. विचार कर.

तुझा,
वरदू

*

पुणे,
४ जुलै २०२५

चि. वरदू,

तो गृहस्थ तू आहेस.

नाही म्हणू नकोस. ओढा आणि कावेरी ही उपमा तू नंदिताच्या लग्नातल्या मंगलाष्टकांत वापरलीस, माझ्या भावाच्या, विष्णुप्रसादच्या लग्नात वापरलीस, श्रीलक्ष्मीच्या बहिणीच्या लग्नात तर दोनदा. निर्णयाचा कागद वाचला तेव्हा प्रथम मला हसूच आलं होतं. तुझं पत्र वाचल्यावर गेलं. ज्या माणसाला जबाबाची नक्कल नको आहे, तोच जबाब देणारा, हे ओळखायला तीस वर्षं वकिली करावी लागत नाही.

तू वाईट हेतूने काही केलं नसणार, हेही मला ठाऊक आहे. म्हणूनच जे आजवर लिहिलं नाही ते लिहिते.

मे महिन्यात दबरा शोधताना तुझ्या कपाटात मला वंशावळी सापडली. नव्वद साली तू नव्याने लिहून काढलेली, शाईची, मोत्यासारख्या अक्षरांची. माझ्या लग्नाला तेव्हा एक वर्ष झालं होतं. दारासुरम्‌च्या विणकरांकडून आपल्या घराने तीन पिढ्या रेशीम घेतलं, लुगडी नेसली, पण सोलापूरच्या विणकराचा मुलगा जावई म्हणून चालेना. माझ्या बाबांच्या नावाखाली विष्णुप्रसाद आहे, मागाहून भरलेली त्याची मुलं आहेत. विष्णुप्रसादने बंगळूरची ख्रिस्ती मुलगी केली, तरी तो आहे. माझ्या जागी एक छोटी आडवी रेघ आहे. फार सरळ काढली आहेस. पट्टी वापरली होतीस का रे?

मी तेव्हा वंशावळी जागेवर ठेवली आणि दबरा उचलला. मागच्या पत्रात तू साक्कोट्टैच्या वाटेबद्दल लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं, मग यांना वाचून दाखवलं. झाडं मोजायला मीच शिकवलं होतं ते मी विसरले होते. तुला सगळं आठवतं. रेघसुद्धा आठवत असेल.

असो. अपील दाखल झालं आहे. महालक्ष्मीने कालच सही करून दिलं. जबाबाची नक्कल पंधरा दिवसांत टपालाने तिच्या नावावर येईल. त्याआधी तू स्वतः तिला सांग. हा वकिलाचा सल्ला नाही.

अक्का

*

कुंभकोणम्,
२२ जुलै २०२५

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

पट्टी वापरली होती. आजोबा शेजारी बसून सांगत होते आणि मी एकोणीस वर्षांचा होतो. पण हे मी उत्तर म्हणून लिहीत नाही. अक्षराचं कौतुक होईल याचाच तेव्हा मला आनंद होता.

तुझं पत्र आठ तारखेला आलं. महालक्ष्मीला सांगायला मला आठ दिवस मिळाले. रोज सकाळी ठरवायचो. पहिल्या दिवशी तिला घाई होती, दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा, तिसऱ्या दिवशी माझंच वाक्य जमेना. सोळा तारखेला, बुधवारी, पोस्टमन आला. तिने फाटकापाशीच उभ्याने पाकीट फोडलं. मी ओसरीवर होतो. दोन्ही पानं तिने वाचली, मग पहिलं पुन्हा वाचलं.

"मामा," ती म्हणाली, "सही तुमची आहे."

मी म्हटलं, "हो."

"चांगलं लिहिलंय. 'गृहकृत्यदक्षा' म्हणजे काय?"

सांगितलं. तिने मान हलवली, वर्गात एखाद्याने उत्तर बरोबर पण रीत चुकीची लिहिली की हलवत असेल तशी.

मग मी एका दमात सगळं सांगितलं, ते तुलाही सांगतो. फेब्रुवारीत एके दिवशी अकराच्या सुमाराला कचेरीतला माणूस आला. महालक्ष्मी शाळेत होती. बसवलं, कॉफी दिली. त्याने विचारलं, "सून कशी आहे?" अक्का, आपल्याकडे दारात येऊन कुणी हे विचारलं तर त्याला एकच अर्थ असतो. मुलीच्या घराण्याची कुणी चौकशी करतंय, किंवा तिच्या धाकट्या बहिणीसाठी स्थळ काढतंय. अशा वेळी सुनेत खोट काढायची नसते. मी उत्साहात आलो. म्हटलं, साहेब, काय सांगू! कोलम् आमच्यापेक्षा सुबक काढते, विष्णुसहस्रनाम पाठ आहे, मांसाला शिवत नाही, आमची मराठीही बोलते, ती वेगळ्या समाजातली आहे हे सांगूनसुद्धा कुणाला खरं वाटत नाही. तो म्हणाला, "हे लिहून द्याल का?" मी कसला सोडतो! दोन पानं लिहिली. तमिळमध्ये, पण समास आपले. तो वाचत होता आणि मला वाटत होतं, किती रसिक माणूस आहे.

महालक्ष्मी ऐकून घेत होती. श्रीलक्ष्मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"त्याने तुम्हांला विचारलं," महालक्ष्मी म्हणाली, "ते ठीक. तुम्ही मोठे आहात. पण तुम्ही लिहून दिलंत आणि संध्याकाळी मी घरी आले तेव्हा मला सांगितलं नाहीत."

"विसरलो."

"त्या दिवशी तुम्ही मला त्या माणसाने कॉफीची किती स्तुती केली ते सांगितलं होतंत."

हे खरं आहे. सांगितलं होतं.

श्रीलक्ष्मी मधे पडली, "अगं, त्यांनी तुझं चांगलंच सांगितलं ना?"

"हो मामी. वाईट सांगितलं असतं तर दाखला मिळाला असता." आणि ती हसली. हसली म्हणून आम्हीही हसलो. मग ती आत गेली आणि पाकीट कपाटात ठेवण्याचा आवाज आला.

अपिलाचं म्हणशील तर ते तुझ्यासारखंच चाललं आहे, सरळ आणि कुणाची भीड न धरता. वरच्या अधिकाऱ्यांनी जुना निर्णय बाजूला ठेवला. अर्जदाराला न ऐकता दिलेला होता, एवढं एकच कारण त्यांनी पुरेसं मानलं. येत्या शुक्रवारी नवी सुनावणी आहे. महालक्ष्मीला बोलावलं आहे, कृष्णमूर्तिला त्याच्या दाखल्यासकट बोलावलं आहे, आणि मलाही. या वेळी जे कुणी जे काही म्हणेल ते तिच्या समोर म्हणायचं आहे आणि तिने उलट प्रश्न विचारायचे आहेत. तू लिहिलेले प्रश्न तिने वहीत उतरवून घेतले आहेत. त्यातले चार मला विचारायचे आहेत, असं कार्तिकने सांगितलं. कोणते ते सांगितलं नाही.

काल नवा जबाब लिहायला बसलो. उपमा घालायची नाही असं ठरवून. "माझी सून महालक्ष्मी हिने आपल्या समाजाच्या चालीरीती सोडलेल्या नाहीत," एवढं लिहिलं आणि पुढे काय लिहायचं ते कळेना. कोणत्या चालीरीती? तिच्या माहेरी सणाला काय करतात? मूल जन्मलं तर काय करतात? ती दर महिन्याला एकदा वस्तीवर जाते, तिथे काय होतं? तिच्या आजीचं नाव काय? मला यातलं काहीच ठाऊक नाही. ऋग्वेदकाळी लोक काय खात होते यावर मी एक तास बोलू शकतो.

श्रीलक्ष्मीला विचारलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "तिलाच विचारा ना. नाहीतर संध्याकाळी मागच्या दारी विहिरीपाशी जाऊन उभे राहा. रोज आईशी फोनवर बोलते, त्यांच्या भाषेत. तासभर बोलते. मला आता थोडं थोडं कळायला लागलंय."

"रोज? मी कसं ऐकलं नाही कधी?"

"तुम्ही आलात की ती तमिळ बोलायला लागते."

मी विचारलं, असं का? श्रीलक्ष्मीने सुरी ठेवली आणि म्हणाली, "मला काय विचारता?"

म्हणून अक्का, हे शेवटचं सरळच लिहितो. दाखल्याची मला फारशी काळजी राहिलेली नाही. तू आहेस, भावाचा कागद आहे, आणि महालक्ष्मीला बोलू दिलं तर ती आपलं म्हणणं माझ्यापेक्षा नीट मांडेल. शुक्रवारी मला विचारतील, तुमच्या घरात तिला तिची भाषा बोलायला किंवा तिच्या रीतीने वागायला कधी मनाई होती का? मी नाही म्हणेन, आणि ते खोटं नसेल. कुणी कधी मनाई केलेली नाही. तरी चार वर्षं ती मागच्या दारी जाऊन बोलते. आमच्यासारखी झाली म्हणून ती मला आवडली, हे मी स्वतःच्या हाताने दोन पानं लिहून दिलं आहे आणि ते तिने वाचलं आहे. तशी झाली नसती तर आवडली असती का, हे तिने मला विचारलेलं नाही. शुक्रवारच्या त्या चार प्रश्नांत तो एक असेल अशी मला भीती वाटते.

तुझा,
वरदू